कापलेला शेवट

लायबाने जेवायला आलेल्या कुनिमोतोंच्या हातातला सरबताचा ग्लास काढून घेतला, त्यांना ओढतच टीव्हीपुढे आणून बसवलं आणि आवाज वाढवला.

“अंकल, लुक! माय फेव्हरिट.”

पडद्यावर बर्फातली झोपडी दिसली आणि म्हातारबुवा ताठ झाले. चित्रं त्यांचीच होती, हे लायबाच्या बापाने, मुनीरने त्यांच्या चेहऱ्यावरून ओळखलं.

मुनीर काम करायचा त्या आखातातल्या रास अल खैमाच्या टाइल्सच्या कारखान्यात ते नक्षीकामाचे सल्लागार होते. त्याआधी जपानमध्ये वीस वर्षं कार्टूनपटांचे नावाजलेले दिग्दर्शक. याच चित्रपटात छोट्या मुलीची आई मरते. निर्माता म्हणाला, आईला जगवा, मुलं रडतील. मुलांशी खोटं बोलणार नाही म्हणून हे अडून बसले. चित्रपट साफ पडला आणि पुढे कोणी दारात उभं करेना. मोडेन पण वाकणार नाही, अशातला माणूस. मुनीरला त्यांचं कौतुक वाटे, आणि अलीकडे धाकही.

उपचारासाठी रत्नागिरीला गेलेली त्याची बायको बिलकीस तिथेच वारली, त्याला चार महिने झाले होते. कारखान्यात सगळ्यांना ठाऊक होतं, कुनिमोतोंनाही. ठाऊक नव्हतं ते फक्त लायबाला. आज सांगू म्हणता म्हणता मुनीरचे सुट्टीचे शुक्रवारमागून शुक्रवार गेले होते.

पडद्यावरची आई अंथरुणाला खिळली. मग चित्राने एकदम उडी मारली. मुलगी एकटीच दारात उभी, आणि वर एका बाईचा गोड अरबी आवाज.

“माझा चित्रपट इथे कापलाय,” कुनिमोतो इंग्रजीत पुटपुटले. “ही काय बोलते आहे?”

मुनीरने त्यांना अर्थ सांगितला.

“आई गावाला गेलीय म्हणते. बरी झाली की येईल.”

सांगताना त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हेच शब्द तो रोज या घरात बोलत होता.

म्हाताऱ्याच्या मानेची शीर तट्ट फुगली. लायबा मात्र हरखून त्यांच्याकडे वळली.

“यू मेड धिस? देन यू नो! डझ शी कम बॅक? माय अम्मी ऑल्सो... शी इज इन रत्नागिरी.”

कुनिमोतोंनी मुनीरकडे पाहिलं. मुनीरने नजर उचलली नाही, नुसते हात जोडले, तेही मांडीच्या आडोशाला.

“येस,” ते लायबाला म्हणाले. “शी कम्स बॅक.”

“व्हेन?”

“व्हेन द स्नो मेल्ट्स.”

लायबा समाधानाने टीव्हीला चिकटली. कुनिमोतो उठले. बिर्याणी छान होती म्हणाले आणि दारापाशी बसून बूट चढवू लागले. बुटाची नाडी काही त्यांना बांधता येईना.

मुनीर बघत राहिला. ज्या एका खऱ्या शब्दापायी या माणसाने आयुष्यभराच्या कामावर पाणी सोडलं, तो शब्द आज त्याने मुनीरसाठी गिळला होता. मुनीरला त्यांची नाही, स्वतःची शरम वाटली. त्याने पुढे होऊन टीव्ही बंद केला.

“अब्बा! इट्स नॉट फिनिश्ड!”

“इकडे ये बेटा, मांडीवर बस.” त्याने तिला जवळ ओढलं. “अंकल खोटं बोलले. माझ्यामुळे बोलले.”

दारात कुनिमोतोंनी एका पायात घातलेला बूट पुन्हा काढला आणि ते आत येऊन बसले.