मोटारीतून आलेले धुळीचे पाय

जावयाच्या पायावर पाणी घातलं ते जसं पडलं तसंच वाहून गेलं, स्वच्छ. लेकीच्या पायावर घातलं ते चिखल होऊन उंबऱ्यापाशी साचलं.

मी तांब्या हातात धरून तशीच उभी. दोघं माझ्या डोळ्यांदेखत दारात मोटारीतून उतरलेली. ठाण्याहून कोपरखैरण्यापर्यंत मोटारीत बसून आलेल्या बाईच्या पायांना घोट्याच्या वर धूळ लागते कशी? तीही पाच महिन्यांच्या पोटुशीच्या? पण जावई पहिल्यांदा मोटार घेऊन दारी आलेला, अर्धं गाव बघायला लोटलेलं. मी भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला आणि तोंड मिटलं. ह्या येसूबाईचं, म्हणजे माझं, तोंड मिटलेलं गावाने फारदा बघितलेलं नाही.

मोटार कशाला हवी होती ते आधी सांगते. आमचे हे गेले तेव्हा माझ्या पदरात दोन पोरं आणि एक होडी ठेवून गेले. त्या होडीवर मी लेकीचं, पुतळाचं, लग्न केलं, हिरामणला मोठा केला. पण हिरामणचा जीव पाण्यात रमेना. पावणे गावच्या दगडखाणीत दोन वर्षं ट्रकवर राहिला, गाडी शिकला, लायसन काढलं. मग रोज माझ्या मागे लागला. "आई, गावच्या बायका डोक्यावर मासलीच्या पाट्या घेऊन कुठं कुठं चालत जातात. आपली गाडी असली तर दहा पाट्या एका खेपेला ठाण्याच्या बाजारात."

आमचे जावई जयदेव ठाण्याला एका रेतीवाल्या शेठकडे ड्रायव्हर. शेठला रेती काढायला होडी पाहिजे होती, आणि त्याच्याकडे एक जुनी मोटार पडून होती. जावयाने अदलाबदल जमवून आणली. मोटार आमच्या दारात, होडी शेठच्या धक्क्याला. दुपारच्या भरतीला होडी न्यायची ठरली. शेठची दोन माणसं सकाळपासून तिच्यात बसून तंबाखू चोळत होती. आमच्यात एकदा दिलेली होडी परत मागत नाहीत. भरतीला सुटली की सुटली.

तपासणी झाली नाही असं कोणी म्हणू नये. माझे दीर दादू भावजी जन्मभर होड्या पारखत आलेले. त्यांनी मोटारीच्या अंगावर बोटाच्या पेरांनी ठोकून बघितलं. मग आत बादलीभर पाणी ओतलं.

"अवो काका, ही काय होडी हाय?" जावई ओरडले.

"पानी भायेर येतंय म्हंजे आत पन येनार," भावजी म्हणाले. "पावसात काय करनार?"

सगळे हसले. हिरामणने चार वेळा हॉर्न वाजवला. हॉर्न मोठा गोड होता. पोरांनी टाळ्या पिटल्या. जावयाने भावजींना बसवून मिठागराच्या बांधावरून एक फेरी मारली. आमचा सगळा मुलूख तव्यासारखा सपाट. मोटार अशी गेली की जशी ओहोटीच्या पाण्यावर होडी.

"फस्क्लास हाय मामी," जावई मला म्हणाले. "डोळे मिटून घ्या."

मी डोळे मिटून कधी बोंबीलसुद्धा घेतला नाही. पुतळाला चुलीपाशी नेलं.

"पाय कशाने भरले?"

ती भाकरीचं पीठ मळायला लागली. मळलेलंच पीठ पुन्हा मळत होती.

"पुतळा, मी तुझी आई हाय. सासू नाय."

तिने वर बघितलं नाही. हळूच म्हणाली, "आई, मासली घेताना तू काय करतेस?"

"कल्ला उचलते. आतून लाल हाय का काला ते बघते."

"मंग उचल." आणि तिने तव्यावर भाकरी टाकली.

नवऱ्याने आणलेल्या वस्तूबद्दल लेकीने असं बोलायचं, म्हणजे आत काय असेल?

बाहेर आले, हिरामणला घराच्या कडेला ओढला. "खरं सांग. जुनी गाडी घेताना ट्रकवाले काय बघतात?"

"क्लच बघतात आई."

"ते काय असतं?"

"इंजिन फिरतं, त्याने चाकं फिरायची. दोघांच्या मधी चकती असते, क्लच. पाय दाबला की सुटते, पाय काढला की घट्ट धरते. झिजली की धरत नाय. इंजिन नुसतं बोंबलतं, गाडी पुढं सरत नाय. सपाटीला कळत पन नाय. चढावर कळतं, नायतर माल भरला की."

म्हणजे वल्ह्याचा दोर ढिला. हात मोडेपर्यंत वल्हवा, होडी जागच्या जागी.

"मग तू बघितलास का?"

त्याने मान खाली घातली. "दाजींनी आनलेली गाडी. त्यांच्यासमोर कशी तपासू? दाजींना काय वाटंल?"

हीच आमची रीत. जावयाने आणलेलं पान उलटं करून बघायचं नाही. त्याने दगड दिला तरी कपाळाला लावायचा. मीच शिकवलेलं होतं त्याला. खाडीत होडी हलायला लागली होती, पाणी चढत होतं.

"तपास," मी म्हणाले. "दाजींचं मी बघते."

हिरामणने चाकांना पुढून-मागून दगड लावले. जावई धावत आले. "काय चाललंय?"

"काय नाय जावईबापू. पोराला शिकायचंय."

हिरामण आत बसला. हातब्रेक ओढला. मला ऐकू जाईल असं मोठ्याने बोलत होता. "टापच्या गेरात टाकली. आता क्लचवरचा पाय हलू हलू सोडतो. चकती चांगली असंल तर इंजिन गचका खाऊन बंद पडंल."

"असं करू नको रे, क्लच जळेल!" जावई म्हणाले.

"जो हाय तोच जळेल ना?" मी म्हणाले. "बघू दे, हाय का."

हिरामणने पाय पुरता काढला. दोन्ही पाय वर उचलून दाखवले. इंजिन बंद पडलं नाही. गचका नाही, काही नाही. घूं घूं करत चालूच राहिलं, जसं काही त्याचा चाकांशी संबंधच नाही. मग वास आला. नांगर टाकताना सुंभाचा दोर लाकडावरून भर्रकन घसरला की जळका वास येतो, तसा.

हिरामणने किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. टाळ्या वाजवणारी पोरं आयांच्या मागे गेली.

"कोनी जाळला?" मी विचारलं.

उत्तर आलं ते दारातून. पुतळा हाताला पीठ तसंच घेऊन उभी होती. "ह्यांचा पाय सारखा त्या क्लचवरच असतो, आई. शेठ कितींदा वरडला."

"तू आत जा!" जावई तिच्यावर ओरडले.

"ती माझ्या उंबऱ्यात हाय," मी म्हणाले. "तिला आत-भायेर मी करीन. तुमी बोला."

मग बोलले. शेठने सांगितलं होतं, तूच जाळलास, तूच खपव, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस.

"आनि खपवायला सासूचं घर गावलं? ठान्याला मानसं मेली होती?"

त्यावर ते जे बोलले ते अजून माझ्या कानातून जात नाही. रागाने नाही बोलले. समजूत घातल्यासारखे बोलले.

"दुसऱ्या कोनी तपासल्याबिगर घेतली नसती, मामी."

मी ओट्यावर बसले. सहा वर्षं ह्या माणसाचे पाय मी धुतले. त्या मानावरच तो हिशेब मांडून बसला होता.

हिरामण जवळ आला. बिचाऱ्याचा जीव अजून मोटारीत अडकलेला. "आई, क्लच बदलता येतो. मी खानीतल्या मिस्तरीकडून..."

"चकती बदलशील रे. बाकीचं काय बदलशील?"

उठले आणि बंदरावर गेले. कंबरेत पदर खोचून शेठच्या माणसांना हाक मारली. "उतरा! होडी जात नाय!"

"अवो बाई, भरती आली!"

"भरती आमचीच हाय, उद्या पन येईल. उतरा, नायतर हाय तशी वल्हवत मी दर्यात नेते तुमाला!"

उतरले. गुडघ्याएवढ्या पाण्याचिखलातून शिव्या देत गेले. होडीचा दोर मी स्वतः खुंटाला आवळला, दोन गाठी जास्तीच्या मारल्या.

परत आले तर जावई मोटारीत बसलेले. "पुतळा, चल."

पुतळा माझ्याकडे बघत होती. सगळं गाव माझ्याकडे बघत होतं. लेकीला नवऱ्यापासून तोडली असं उद्या कोणी म्हणायला नको, आणि ह्या माणसाबरोबर पाठवायचीही नाही.

"पहिलं बाळंतपन माहेरी," मी मोठ्याने म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "लोक सातव्याला आनतात, आमी पाचव्यालाच ठेवून घेतो. आमाला हौस हाय. का हो भावजी?"

"रीतच हाय ती," दादू भावजी म्हणाले. पहिल्यांदा कामाचं बोलले.

जावयाने मोटार वळवली. सपाटीवर ती पुन्हा तशीच गोड गेली.

संध्याकाळी मी पुतळाचे पाय पुन्हा धुतले, घासून. तेव्हा तिने सांगितलं. कळव्याच्या पुलाच्या चढावर मोटार रडायला लागली, म्हणून तिला उतरवलं. दिघ्याच्या चढावर पुन्हा उतरवलं. ओझं कमी व्हावं म्हणून.

"मग तू पोट घेऊन चढ चढलीस?"

"हा."

"आनि तो?"

"वर जाऊन थांबले होते."

"वाट बघत?"

पुतळाने पाय पाण्यातून काढून घेतला.

"हॉर्न वाजवत होते, आई. लवकर ये म्हनून."