डाव्या खांद्यावरचा चेंडू

फ्लोरिडातल्या त्या गावात ऊस पेटवायचे दिवस होते. शाळेच्या मैदानावर काळी राख भुरभुरत होती आणि डेमेट्रिकच्या हातून आज पुन्हा चेंडू सुटला.

सुटला तरी कसला! अमेरिकन फुटबॉलचा तो लांबुळका चेंडू उजव्या खांद्यावरून सुरेख उतरत आला, आणि हा पठ्ठ्या धावता धावता डाव्या खांद्यावरून आभाळाकडे बघत, रिकामे हात पसरून.

"अरे, तिकडे काय मावशी बसलीय तुझी?" कोच पर्व्हिस ओरडले. "जेरिको इकडून फेकतोय!"

पोरं खिदळली. डेमेट्रिक हसला नाही. तिकडे कोण होतं ते त्याला ठाऊक होतं. जेरिको आत्ता आत्ता फेकायला लागला. त्याच्या आधी फेकायचा तो डेमेट्रिकचा थोरला भाऊ, लॉनी. डावखुरा. त्याचा चेंडू नेहमी डाव्या खांद्यावरूनच यायचा, बारीक शीळ घालत. उन्हाळ्यात लॉनीची गाडी कालव्यात गेली. माणूस गेला, पण चेंडू यायचा थांबला नाही. डेमेट्रिक पळायला लागला की मागून शीळ ऐकू यायची आणि डोळ्याच्या कोपऱ्यात काहीतरी तपकिरी फिरत उतरायचं. ते टाकून मान वळवायची कशी? अंगावर काटा यायचा, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटायचं.

पण शुक्रवारी मोठ्या कॉलेजचा माणूस सामना बघायला येणार होता. डेमेट्रिकचा खेळ त्याच्या मनात भरला तर शिक्षण फुकट. नाहीतर बापासारखा साखर कारखान्यात बॉयलरपाशी जन्म काढायचा.

कोचनी त्याला बाजूला घेतलं, आवाज खाली आणला. "बाळा, चेंडू दुसऱ्या खांद्यावर आला तर मान झटकन फिरवायची. क्षणभर काहीच दिसत नाही, त्याची भीती सगळ्यांनाच वाटते. पण पहिल्या बाजूला बघत बसलास तर हाताला काही लागत नाही."

"पण इकडचा पडेल, कोच."

"इकडचा कुठला? चेंडू एकच असतो रे."

डेमेट्रिक मागे फिरला. रेषेवर जाऊन उभा राहिला आणि कोचनी हात खाली करताच सुसाट सुटला. शीळ आली. त्यानं डावीकडे बघितलं. आज तो चेंडू इतका जवळ होता की त्याची शिवण दिसत होती. अगदी ओंजळीत पडेल असा. लॉनीनं जिवंतपणी कधी इतका सुंदर फेकला नव्हता.

"वळ!" कोच ओरडले.

त्यानं मान फिरवली. राख, आभाळ, क्षणभर नुसता काळोख, आणि मग उजवीकडचा चेंडू थाडकन तळव्यांत बसला. पोरांनी आरोळी ठोकली. त्या गलक्यातही त्याला पाठीमागे गवतावर धप्प आवाज ऐकू आला. शीळ थांबली.

कोच धावत आले तेव्हा तो गुडघ्यांवर बसून हुंदके देत होता.

"अरे वेड्या, रडतोस कशाला? झेललास की!"

"लॉनीचा पाडला, कोच," डेमेट्रिक म्हणाला. "त्याचा मी कधीच पाडला नव्हता."