थंडीत अबोल झालेली साखळी

मी एक जुनी साखळी आहे. हसू नका, मित्रांनो. माझा जन्म आज सकाळचाच. पण आमच्या कुळात संध्याकाळ पाहिलेली साखळी म्हातारीच म्हणायची.

मी इंडियम नावाच्या मऊ धातूची. जाडी म्हणाल तर एका अणूएवढी. पोलादी डब्यातली हवा उपसून, आतल्या सिलिकॉनच्या चकतीवर संशोधक ताईने आम्हा साखळ्यांना ओळीने घडवले. मग चार बारीक सुया टेकवून वीज सोडली. ती सुरळीत धावली. ताईचे सर म्हणाले, पोरी गुणाच्या आहेत.

त्यानंतर ताईने चकती गार करत नेली. माझे अणू थंडीने जोड्या करून बसले. जोडीतल्या जोडीत हात गुंतले, पुढच्याला द्यायला हातच उरला नाही. वीज अडली. पडद्यावरची विजेची रेघ खाली कोसळली.

त्या प्रयोगशाळेचा शिरस्ता एकच: गप्प झालेली साखळी मळलेली समजायची आणि चकती लालबुंद तापवून तिला उडवून लावायचे. सरांचे बोट बटणावर गेले. डबा उद्या दुसऱ्या गटाकडे जाणार होता. नव्या साखळ्या घडवायच्या तर आत्ताच.

"सर, थांबा. ती मळलेली नाही, गारठलीय."

"आणि परीक्षकांना काय सांगशील? साखळी रुसली होती?"

"हळूहळू ऊब देऊन बघू. मळ असेल तर वीज परत येणारच नाही."

"नाही आली, तर दिवस गेला. तुझा प्रबंध लटकेल, बाई."

"माझाच लटकेल ना."

सरांनी बोट काढले आणि खुर्ची ओढून बसले.

ताई चकतीला जपून ऊब देऊ लागली. तशी हवा उपसूनही मागे उरलेले, गार भागांना चिकटलेले वायूचे कण सुटून आमच्या दिशेने भिरभिरू लागले. एक माझ्या शेजारणीवर बसला. ती तिथेच तुटली. मी जीव मुठीत धरून होते. रेघ हलेना. ताई नखे कुरतडत होती. सरांनी घड्याळाकडे पाहणेही सोडले होते.

आणि माझ्या जोड्या सुटल्या. अणू पुन्हा सलग रांगेत आले. रेघ झरझर वर चढली.

सर खुर्ची पडद्याजवळ सरकवत म्हणाले, "पुन्हा गार कर. आता मलाही बघायचंय."

आता मी पुन्हा अबोल आहे, पण बटणाकडे कोणी पाहतसुद्धा नाही. वायूचा एखादा कण आज ना उद्या मला गाठेलच. त्याचे वाईट वाटत नाही. तुम्ही मात्र एवढे करा, मित्रांनो. कोणी गप्प झाले, तर बिघडले असे लगेच ठरवू नका. आग लावण्याआधी थोडी ऊब देऊन पाहा.