रेबेकाबाईची पट्टी

नाताळ पंधरा दिवसांवर आला, तेव्हा कोल्हारचा यशया मास्तर गिटार घ्यायला नगरला निघाला आणि त्यानं आईलाही बरोबर घेतलं. म्हातारीला कशाला हेलपाटा, असं बायकोनं विचारलं. गिटार आईसाठीच घ्यायची होती, पण चाळिशीतल्या माणसाला हे सांगायची लाज वाटली, म्हणून त्यानं पिशवी उचलली.

त्याची आई रेबेकाबाई तीस वर्षं नाताळच्या उपासनेत एकटीनं गायची. साठी ओलांडली आणि आवाज उतरला, तो नेमका अडनिड्या जागी. पेटीच्या काळी एक पट्टीत गळा चिरकायचा, तिच्या लगत खालच्या पांढरी एकमध्ये खालचे सूर पोटात जायचे. दोन वर्षांमागं पेटीवाल्या काकासाहेबांनी भरल्या चर्चमध्ये गाणं थांबवलं आणि पेटीत अशी पट्टी नसते म्हणून सांगितलं. माणूस वाईट नव्हता, पण जिभेला हाड नसलं की हे असं होतं. तेव्हापासून रेबेकाबाई मागच्या सतरंजीवर बसून नुसते ओठ हलवायची. भाकरी थापतानासुद्धा गुणगुणायची नाही, आणि यशयाला ते घर खायला उठायचं.

पेटीचे सूर ठरलेले, पण गिटारीच्या तारा हव्या तेवढ्या उतरवता येतात. यशया ट्रेनिंग कॉलेजात मित्राच्या साध्या गिटारीवर शिकला होता. साधीचा आवाज तिसऱ्या रांगेपलीकडं जात नाही, म्हणून विजेवरची हवी होती. लाउडस्पीकरवाला भिमाजी त्याचा अँप्लिफायर द्यायला कबूल झाला होता.

खिशाला झेपतील अशा दोनच गिटारी दुकानात निघाल्या. तपकिरी होती तिचा ब्रिज, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती घोडी, स्क्रूंनी गच्च बसवलेला. लाल होती तिचा ब्रिज स्प्रिंगांवर तरंगता, आणि त्याला एक दांडी. दांडी दाबली की सूर असा लहरायचा, की रस्त्यावरची माणसं दुकानाच्या दारात थबकली. यशयाचा जीवच जडला तिच्यावर. तपकिरी घेणं म्हणजे त्याला दुधाची तहान ताकावर भागवणं वाटलं.

मग त्यानं लालीच्या तारा उतरवायला घेतल्या. एक उतरवली की स्प्रिंगा ब्रिज मागं ओढायच्या आणि बाकीच्या तारा चढायच्या. त्या नीट कराव्यात तर पहिली बिघडायची. पाऊण तास झाला, दुकानदाराच्या कपाळाला आठ्या पडल्या. दर वेळी पट्टी बदलायची असेल तर ही घेऊ नका, असं त्यानं सांगून टाकलं आणि लाली पुन्हा जशीच्या तशी लावून दिली. तरी यशयाचा हात दांडीवरून निघेना.

रेबेकाबाई स्टुलावर बसून लेकाचा चेहरा बघत होती. म्हातारीला काय कळत नव्हतं?

"आता कुठल्या पट्टीत लावलीय?" तिनं विचारलं.

"काळी दोन. तुझ्यापेक्षा बरीच वर."

"मंग त्याच्यातच वाजव की. मला जमतंय."

आणि दोन वर्षांनी तिनं तोंड उघडलं, ते परक्या दुकानात. सूर बरोबर लागला. पण गळ्याच्या शिरा तट्ट फुगल्या, पदराआडची मूठ घट्ट आवळली गेली, आणि वरच्या सुराला डोळ्यांत पाणी आलं. तरी ती हसतच गात होती.

यशयानं दांडी सोडली, लाल गिटार खुंटीला अडकवली आणि तपकिरी बांधायला सांगितली.

एस.टी.त बसल्यावर रेबेकाबाईनं तोंडाचा पट्टा सोडला. लाल किती झ्याक हुती, ही मेली पाटासारखी, माझं काय, मी पिकलं पान, आयुष्यभर तुला वाजवायचंय, असं राहुरीपर्यंत चाललं. मग कापड सोडून यशयानं गिटार मांडीवर घेतली आणि एकेक खुंटी हळूहळू ढिली केली. एक तार उतरली तरी बाकीच्या जागच्या हलल्या नाहीत. विजेशिवाय तिचा आवाज शेजारच्या माणसापुरताच होता.

"आई, तुझ्या मनानं गा," तो म्हणाला. "मी येतो खाली."

तिनं तोंड खिडकीबाहेरच्या उसाकडं वळवलं. मग अगदी हळू, ओठातल्या ओठात तिनं सूर लावला, काळी एकच्या जरा खाली, पांढरी एकच्या जरा वर. यशयानं तारा तिथवर आणल्या आणि छेडल्या.

तिनं चमकून गिटारीकडं पाहिलं.

"ही पट्टी हाय व्हय ह्याच्यात?" ती म्हणाली, आणि कोल्हारचा पूल आला तरी गातच राहिली.