ना पेला, ना ताट

मी एक जुना शेकर आहे, मित्रांनो. एवढंच मला खात्रीनं सांगता येतं. मी पेला की ताट, आणि मी त्या घराचं भलं केलं की वाईट, हे मला अजून उमगलेलं नाही. तुम्हीच ऐका आणि ठरवा.

माझं अंग धुरकट पांढरं, झाकण जांभळं. अंगावर शंभर, दोनशे, तीनशे अशा सहाशेपर्यंत रेघा आहेत. पोटात तारेचा एक पोकळ चेंडू असायचा. पावडर आणि पाणी घालून मला हलवलं की तो खुळखुळ नाचत गुठळ्या फोडायचा. माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. गरम प्लास्टिकचा वास आणि माझ्यासारखी हजारो भावंडं, एवढंच आठवतं. आमच्यात काय भरणार आहेत, हे आम्हाला कुणीच सांगितलं नाही.

फिलिपिन्समधल्या इलोइलो शहरात, पाणीपट्टीच्या एका कचेरीत नाताळाच्या भेटींच्या चिठ्ठ्या निघाल्या आणि मी जेर्लिन पाल्मारेसच्या वाट्याला आलो. तिला तेव्हा आठवा महिना होता. "पोटात बाळ आणि हातात पैलवानाचा पेला!" म्हणून सगळे खूप हसले. तिनं मला रंगीत कागदासकट कपाटात ठेवून दिलं. पहिले पाच महिने मी अंधारात काढले. वाटायचं, आपण शोभेची वस्तू असू.

मग चेस्का झाली, रजा संपली आणि माझं काम सुरू झालं. त्याचं असं झालं. जेर्लिनची खिडकी पैसे भरून घेण्याची, तिथली रांग कधी सरायची नाही. दुपारची सुट्टी अर्ध्या तासाची. त्यातली वीस मिनिटं जुन्या कागदांच्या खोलीत दार लावून, यंत्रानं दूध काढण्यात जायची. सकाळी एकदा, दुपारी एकदा, अशा दिवसाकाठी तीन लहान बाटल्या भरायच्या. त्या घरी गेल्या की दुसऱ्या दिवशी चेस्काचा दिवस निघायचा. घरी तिला नानाय पुरिंग, म्हणजे जेर्लिनची सासू, सांभाळायची. डब्याचं दूध त्यांनी एकदा देऊन पाहिलं होतं. चेस्काच्या अंगभर पुरळ उठलं आणि ओकून ओकून ती निपचित पडली. तेव्हापासून जेर्लिनला त्या तीन बाटल्यांचा ध्यास लागला होता. दूध काढावं तर जेवायला वेळ नाही, जेवावं तर दूध राहतं. म्हणून मी.

माझ्यात भरायचं काय, हा खरा गोंधळ. कचेरीत शेजारच्या खिडकीवर बसणाऱ्या डेलियाबाई वयानं मोठ्या, म्हणून सगळे त्यांना मानांग म्हणत; धाकट्या बाईला आमच्याकडे लाडानं इंदाय म्हणतात. त्या पावडरीचे मोठाले डबे आणायच्या आणि सुटं विकायच्या. आमच्या शहरात सगळंच सुटं मिळतं: एका वेळेपुरतं तेल, एका डोक्यापुरता शांपू, चार लसणाच्या पाकळ्या. मानांग डेलिया बर्फाच्या कांड्या करायच्या लांबट पिशव्यांत एकेका वेळची पावडर भरून गाठ मारायच्या. जांभळी, हिरवी आणि चॉकलेटी.

"मानांग, यातली कुठली घेऊ?"

"जीभ जिला हो म्हणेल ती घे, इंदाय. सगळ्यांत ताकद आहे."

"मी अंगावर पाजते, म्हणून विचारलं."

"मग तर घ्यायलाच हवं! मी जांभळी घेते. बघ, कंबर दिसायला लागली माझी."

"कुठे आहे, मानांग?" दारावरचा रखवालदार म्हणाला. "आम्हालाही दाखवा की!"

"तुला चष्मा लागलाय, मेल्या."

सगळे हसले. जेर्लिननं जांभळी पुडी उचलली, कारण तिला कोनफळाची चव लहानपणापासून आवडायची. मित्रांनो, माझ्या मालकिणीची निवड एवढ्यावर झाली. पिशवीवर एक अक्षर नव्हतं. होती ती फक्त गाठ.

आमच्या गावात भेटलं की लोक "कशी आहेस" विचारत नाहीत, "जेवलीस का" विचारतात. सकाळी, दुपारी, रस्त्यात, जिन्यात. जेर्लिन मला वर उचलून दाखवायची आणि म्हणायची, "हो, हे काय!" आणि आपण खात असताना समोर कुणी आलं तर त्याला जेवायला बोलवायचं, हीही रीत. ती मला पुढे करून रांगेतल्या माणसांना म्हणायची, "या, जेवायला!" एकदा एक म्हातारे म्हणाले, "तुझ्या जेवणाला दात लागत नाहीत, म्हणजे मला चालेल, इंदाय!" मी लाजलो. मग कौतुकानं फुगलो. मला वाटलं, मी ताट आहे.

पण ताटात भात असतो. आमच्याकडे भाताशिवाय कुणी जेवण म्हणत नाही. मग ती "हो" म्हणते ते खरं की खोटं? मी तारेच्या चेंडूला विचारलं. तो नुसता खुळखुळला.

दूध आणि मी एकाच फ्रिजात असायचो. तीन बाटल्या गळ्यापर्यंत भरलेल्या मी रोज बघायचो. एका सोमवारी तिसरी अर्धीच भरली. आठवड्याभरात ती रिकामी राहू लागली. मग दुसरीही खाली खाली जाऊ लागली. जेर्लिन त्या बाटल्या उजेडात धरून बघायची, डोळे बारीक करून, पुन्हा पुन्हा. तिनं काय केलं ठाऊक आहे? तिला वाटलं, ताकद कमी पडते आहे. सकाळची न्याहारीही बंद करून तिनं दुसरी पुडी सुरू केली. आता मी दिवसातून दोनदा हलवला जाऊ लागलो. माझी बढती झाली म्हणून मी खूश! आज ते आठवलं की झाकण गच्च मिटून घ्यावंसं वाटतं.

घरी चेस्का रडायची. नानाय पुरिंग तिला खांद्यावर घेऊन अंगणात फेऱ्या घालायची आणि जाता-येता माझ्याकडे असं बघायची की मी फळीवर मागे सरकावं.

"ही तुझी बाटली मला पटत नाही, इंदाय. नुसती खुळखुळते."

"नानाय, यात सगळं असतं. जीवनसत्त्वं, प्रथिनं..."

"कोण म्हणतं?"

"मानांग डेलिया."

"आणि तिला कोण म्हणतं?"

जेर्लिननं मला उचलून पिशवीत टाकलं आणि ती कचेरीला निघाली.

जूनच्या शेवटी मानांग डेलियांच्या वस्तीचा सण आला. सणाला आलेल्या पाहुण्यांना रिकाम्या हातानं पाठवायचं नाही आणि ज्याला येता आलं नाही त्याच्या घरी डबा पाठवायचा, ही आमची पद्धत. बाळामुळे जेर्लिन गेली नव्हती. दुसऱ्या दिवशी घरी शेवयांनी भरलेला एक मोठा डबा आला. डबा पावडरीचा होता, रिकामा झालेला. आमच्याकडे डबे फेकत नाहीत. आइस्क्रीमच्या डब्यात सुकी मासळी निघते आणि बिस्किटांच्या डब्यात सुईदोरा.

जेर्लिननं शेवया काढून घेतल्या आणि डबा घासायला घेतला. मी शेजारीच पालथा पडलो होतो. डब्यावर जांभळ्या कोनफळाचं चित्र होतं. तिनं तो सहज फिरवला आणि तिचा हात थांबला. मागच्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं: वजन उतरवण्यासाठी. जेवणाऐवजी घेऊ नये. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी घेऊ नये.

तिनं ते तीनदा मोठ्यानं वाचलं. मग साबणाच्या हातांनीच खाली बसली.

"काय झालं गं?" नानाय पुरिंग धावत आली.

"नानाय, गेले पाच आठवडे मी काय प्यायले, ते मला आज कळलं."

मला वाटलं, आता नानाय मला उकिरड्यावर फेकणार आणि सुनेला बोल लावणार. पण तिनं साबणानं भिजलेला डबा उचलून बाजूला ठेवला. मग तिनं अगदी रोजच्यासारखं विचारलं, "जेवलीस का?"

"हो."

"काय?"

मित्रांनो, इतके दिवस हा दुसरा प्रश्न कुणीच विचारला नव्हता. जेर्लिननं माझ्याकडे बोट दाखवलं. डोळ्यांतून पाणी आलं. नानायनं तिच्यापुढे भाताचं ताट ठेवलं आणि त्यावर कोंबडीचा गरम रस्सा ओतला, कच्ची पपई आणि शेवग्याचा मूठभर पाला घातलेला. चेस्काला तिनं कडेवर घेतलं आणि जेर्लिनचा शेवटचा घास होईपर्यंत जागची हलली नाही.

दुसऱ्या दिवशी मानांग डेलियांनी तो डबा हातात घेतला आणि त्यांचा चेहरा उतरला. "मी कधी मागची बाजू बघितलीच नाही गं. कात्री, चमचा, गाठ. हिरवी वेगळी, चॉकलेटी वेगळी, जांभळी मात्र असली! रांगेतल्या किती जणींना दिली असेन!" त्या दिवसभर रडवेल्या होत्या. नंतर त्यांनी प्रत्येक डब्यावरचा कागद मोठ्या अक्षरांत उतरवून खिडकीवर चिकटवला आणि दुपारी वीस मिनिटं जेर्लिनच्या खिडकीवर स्वतः बसू लागल्या. "तू दूध काढ आणि भातही खा. तोवर रांग मला शिव्या देईल."

आरोग्य केंद्रातल्या नर्सबाई म्हणाल्या, बाळाला वरचेवर छातीशी घ्या, पोटभर जेवा. दूध त्या पुडीनं आटलं की उपाशी राहण्यानं, हे त्यांनाही नक्की सांगता आलं नाही. मलाही नाही. दुसरी बाटली भरायला नऊ दिवस लागले, तिसरीला आणखी बारा. ती भरली त्या संध्याकाळी जेर्लिननं ती सगळ्या घरात फिरवून दाखवली.

आणि माझं? नानायनं मला उकळत्या पाण्यानं धुतलं, तरी कोनफळाचा वास गेला नाही. झाकणाच्या खाचेत तो अजून आहे. चेंडू काढून घेतला आणि काही दिवस माझ्यातून शेवग्याच्या पाल्याचा रस्सा कचेरीत जायचा. झाकणातून गळायचा, लोक हसायचे. आता तेही काम गेलं. चेस्का चालायला लागली आहे, तो तारेचा चेंडू ती घरभर लाथाडते. मी तांदळाच्या पिंपात राहतो. माझ्यावरच्या रेघा शेवटी उपयोगी पडल्या, मी घरातलं माप झालो.

कधी कधी मात्र अजून गोंधळायला होतं. मी ज्यांच्या हाती जाईन ते माझ्यात जे ओततील ते मी हलवणार. मला त्यातलं काही वाचता येत नाही. तेव्हा माझ्यावर विसंबू नका, मित्रांनो. डबा फिरवून मागची बाजू वाचा. आणि घरातलं कुणी घाईघाईनं "जेवले" म्हणालं, तर तेवढ्यावर थांबू नका. काय जेवलीस, तेही विचारा.

रोज संध्याकाळी नानाय पुरिंग मला पिंपात बुडवते. तीनशेच्या रेघेपर्यंत एकदा, स्वतःसाठी आणि मुलासाठी, म्हणजे जेर्लिनच्या नवऱ्यासाठी. दाराशी जेर्लिनची चाहूल लागते, आणि ती चप्पल काढता काढता "मी जेवून आलेय, नानाय" म्हणायच्या आतच नानाय मला पुन्हा एकदा बुडवते.