टेबलाच्या पोटातलं पाणी

ते टेबल त्याने स्वतः आखलं होतं. इमारत उभी राहायच्या आधी ती कशी दिसेल याची चित्रं कॉम्प्युटरवर तयार करणं हा त्याचा धंदा. त्यासाठी लागणारं दणकट यंत्र पायाशी खोक्यात धूळ खात पडलेलं त्याला बघवेना, म्हणून त्याने टेबलालाच पोट दिलं. वर जाड काच, काचेखाली उथळ पेटी आणि पेटीत सगळे भाग नीटनेटके मांडलेले. यंत्र गार राहावं म्हणून त्यातून नळ्यांनी एक द्रव फिरवायचा होता, दिसायला अगदी पाण्यासारखा. आराखडा बघून सुतार म्हणाला होता, "साहेब, हे टेबल आहे की माशांची टाकी?"

काचेच्या चारी कडांना त्याने रबराची पट्टी बसवून घेतली. वायरींची भोकंसुद्धा खालून ठेवली. "वरून बादली ओतलीत तरी आत थेंब जाणार नाही," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने सांगायचा. आणि तरीही टेबलाच्या खोलीत कुणी पाण्याचं भांडं नेलेलं त्याला चालत नसे. बायको म्हणायची, "रात्री पांघरूणही घालत जा त्याला."

सासरे गेल्यानंतर सासूबाई त्यांच्याकडे राहायला आल्या. आयुष्यभर टेलिफोन ऑफिसात नोकरी केलेली, बोलायला गोड बाई. हात मात्र अलीकडे थरथरायला लागले होते. घरात ऊन येणारी खिडकी त्या एकाच खोलीत होती. तोच म्हणाला, "आई, दुपारी मी बाहेर असतो, तुम्ही तिथे बसत जा." त्या बसायच्या, पेपर वाचायच्या, आणि तो यायच्या आत उठून खुर्ची होती तशी ठेवायच्या.

एके दिवशी तो लवकर आला. कॉम्प्युटरचा पडदा काळा होता, यंत्र बंद पडलेलं, आणि काचेखाली पेटीत पाणी साचलं होतं. खिडकीच्या कट्ट्यावर सासूबाईंचा रिकामा ग्लास होता. त्या बाजूलाच उभ्या होत्या, हातात गोळ्यांचं पाकीट.

"गोळी घ्यायची होती," त्या म्हणाल्या. "टेबलावर नाही ठेवला हो मी ग्लास. बहुतेक नाही."

"बहुतेक?" तो म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, पण बायको स्वयंपाकघरातून धावत आली इतका तो थंड होता. "हात थरथरतात हे माहीत आहे, तर पाणी घेऊन इथे यायचंच कशाला? या घरात एक जागा मी माझ्यासाठी ठेवली होती. एकच."

सासूबाई पाकिटाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "माझंच चुकलं असेल."

त्यानंतर त्या खोलीत त्यांनी पाऊल टाकलं नाही. पाणी प्यायच्या ते स्वयंपाकघरात मोरीशी उभ्या राहून, ग्लास अर्धाच भरून, दोन्ही हातांनी धरून. लेकीला त्यांनी झाकणाचा पेला आणायला सांगितला, लहान मुलांना देतात तसा. बायकोने तो आणला आणि नवऱ्यासमोर टेबलावर जरा आपटूनच ठेवला.

रविवारी त्याने काच उचलली. रबराची पट्टी कोरडी ठणठणीत होती, तिच्याखालचं लाकूडही. वरून काही आत गेलं असतं तर तिथे ओल दिसली असती. त्याने बोटाने एकेक नळी चाचपली. मागच्या कोपऱ्यातल्या वळणावर, जिथे दोन नळ्या जोडल्या होत्या, तिथली रबरी रिंग चिमटून एका बाजूने फाटली होती. ती त्यानेच बसवली होती. जोडणी झाल्यावर यंत्र चालू न करता द्रव नुसता फिरवत ठेवायचा, गळत नाही ना ते बघायचं आणि मगच वीज द्यायची, हा साधा नियम त्यालाही ठाऊक होता. पण त्या दिवशी मित्र टेबल बघायला येणार होते, आणि त्याला ते दिवे लावून झगमगतं दाखवायचं होतं.

त्याचे कान तापले. खोलीत कुणी नव्हतं, तरी त्याने उठून दार लोटून घेतलं.

त्याने रिंग बदलली, सगळं पुसलं, एक जळालेला भाग नवा घातला. यंत्र सुरू झालं. बायकोने दारातून विचारलं, "झालं का?" आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "हो. सुकल्यावर झालं सुरू."

सासूबाईंनी ते ऐकलं. त्या उंबऱ्यापाशीच थांबल्या. त्यांना इतकं हायसं वाटलेलं त्याने कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं. "बरं झालं बाई. माझ्या हातून कायमचं नुकसान नाही झालं. जावई, तुमच्या हातात कसब आहे."

तो हसला. हसल्यावर त्याला स्वतःचीच किळस आली. आता सांगतो, जेवताना सांगतो, उद्या सांगतो, असं करत तो टाळत राहिला. जितका उशीर होत गेला तितकं ते सांगणं अवघड होत गेलं, कारण आता दोन गोष्टी सांगाव्या लागणार होत्या.

सासूबाईंनी मात्र तो प्रसंग विनोद करून सगळ्यांना सांगितला. शेजारणीला, आपल्या धाकट्या बहिणीला. "मी जावयाचं टेबल बुडवलं." प्रत्येक वेळी तो दुसरीकडे बघायचा.

बायकोने डॉक्टरांची वेळ घेतली. तो गाडी घेऊन दोघींबरोबर गेला. डॉक्टरांनी हात बघितले, रेघा काढायला लावल्या. मग बायको हळूच म्हणाली, "हाताचं आहेच. पण परवा पाणी सांडलं ते हिला आठवतच नव्हतं. त्याची भीती वाटते."

"आता आठवतं की," सासूबाई घाईघाईने म्हणाल्या. "मी ग्लास काचेवर ठेवला. पेपर उचलायला वळले तर कोपर लागलं. पाणी कडेकडेने आत गेलं. मी बघत होते, पण हात वेळेवर पुढे आला नाही."

डॉक्टर लिहून घेऊ लागले. "स्मरणाच्या काही तपासण्या करून घेऊ. औषधही थोडं वाढवू."

"थांबा," तो म्हणाला. तिघेही त्याच्याकडे बघायला लागले. "पाणी त्यांनी सांडलं नव्हतं. आतली नळी गळली होती. मीच चुकीची बसवलेली. मला रविवारीच कळलं."

बायकोने त्याच्याकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. सासूबाईंना आनंद झाला नाही. त्या घाबरल्या. "मग मला दिसतं ते काय?" त्यांनी डॉक्टरांना विचारलं. "ते कोपर?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. एखादी गोष्ट आपल्याकडूनच झाली असं कुणी ठामपणे सांगितलं, आणि आपणही ती वारंवार सांगितली, की मन तिचं चित्र तयार करतं, असं त्यांनी समजावलं. चांगल्या धडधाकट माणसांचंही होतं. औषध त्यांनी वाढवलं नाही.

गाडीत बायको पुढे बसली ती काचेबाहेर बघत. मग म्हणाली, "रविवारी. आणि मला सांगितलंस, सुकल्यावर सुरू झालं." त्याने मान हलवली.

मागच्या सीटवर सासूबाईंनी बहिणीला फोन लावला. "अगं ऐक, ते पाणी माझ्या हातून नव्हतं सांडलं. नाही, नाही, कुणाचाच दोष नाही. असंच गळलं, आपोआप. यंत्रच ते."

त्याने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. "आई, फोन द्या जरा."

"राहू दे हो, जावई."

"द्या."

त्याने मावशींना सगळं सांगितलं: फाटलेली रिंग, न केलेली चाचणी, ते खोटं. मावशी म्हणाल्या, "त्या दिवशी ताईने मला फोन केला होता. रडत होती. म्हणाली, मला घेऊन जा. मी निघणारच होते, पण दुसऱ्या दिवशी तिनेच नको म्हटलं. तुमच्या घरात भांडणं नकोत म्हणून. तुम्हाला माहीत होतं का हे?"

"नाही," तो म्हणाला.

"आता माहीत झालं."

त्याने फोन मागे दिला. सासूबाईंचा हात थरथरत होता, म्हणून त्याने फोन त्यांच्या तळव्यात नीट ठेवला आणि त्यांची बोटं मिटेपर्यंत धरून राहिला. त्यांनी हात काढून घेतला नाही, त्याच्याकडे बघितलंही नाही.

"चला आता," त्या लेकीला म्हणाल्या. "भूक लागली मला."