मिरचीचे हात

सोमवारी माझी बाळंतपणाची रजा संपणार होती, आणि पाच महिन्यांच्या अनोमाला कुणाजवळ ठेवायचं हे अजून ठरत नव्हतं. शहागंजातल्या आमच्या गल्लीत दोनच घरं नजरेत होती. घरमालकीण द्वारकाकाकू तिला बघताच उचलायच्या, मुके घ्यायच्या. कोपऱ्यावर मिरचीकांडप चालवणाऱ्या मनकर्णाबाई मात्र पोर पुढं केली की मागं सरायच्या. आमच्या दारातून भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो दिसतो. मी काय समजायचं ते समजले होते.

"तुला सगळीकडं तेच दिसतं," हे म्हणाले.

"आणि तुम्हाला कुठंच दिसत नाही."

शुक्रवारी तिखट आणायला गेले. डबा धरायला हात मोकळे हवेत म्हणून अनोमाला मनकर्णाबाईंपुढं केलं. त्या पुन्हा मागं सरल्या.

"आमचं लेकरू चालत नाही का, मावशी?"

रांगेतल्या बायका वळल्या. मनकर्णाबाईंनी तळवे माझ्यापुढं धरले. मनगटापर्यंत लाल.

"ह्या हातानं घेऊ? डोळ्याला लागलं म्हंजी? मिरगापस्तोर, कांडपाचा हंगाम हाय तवर, सोताच्या नातीला बी घेत नाय मी."

नात पायाशीच शेंबडं नाक घेऊन उभी होती. ते पुसायला त्यांनी सुनेला, राजाबाईला, हाक मारली. मग हळूच म्हणाल्या, "तुला तसं का वाटलं, ते कळतं मला. पर आधी इचारायचं, बाई."

संध्याकाळी काकूंकडं गेले. त्या लगेच हो म्हणाल्या. फक्त वाटी-चमचा घरून पाठव आणि ती ओसरीवरच खेळेल, असं अनोमाच्या गालावरून हात फिरवत सांगितलं. आत स्वयंपाकघरात शेजारच्या वकिलांची मुलगी काकूंच्या ताटलीत शिरा खात होती. या वेळी मी विचारलं.

"ती आत चालते, काकू?"

"अगं, ती आपल्यातली," काकू हसल्या. "मनावर नको घेऊस. माझा काय जीव नाही का हिच्यावर?"

जीव होता, तेही खरंच. घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, दुसरी खोली बघू.

सोमवारी अनोमाला राजाबाईकडं सोपवलं. त्यांचं घर कांडपापासून बरंच आत आहे. तिथं मिरचीचा खकाणा पोचतो का, ते मी आधी जाऊन हुंगून आले होते. संध्याकाळी परतले तर अनोमा राजाबाईच्या खांद्यावर, आणि मनकर्णाबाई हात पाठीमागं धरून तिच्याशी बोलायला वाकलेल्या. पोरीनं त्यांची नथनी मुठीत घट्ट आवळली होती.

"सोडव, बाई," त्या मान न हलवता म्हणाल्या. "माझे हात मिरचीचे हायत."